चिरकारी विषाणुसंसर्ग आणि रोहिणीविकार

रायपूरच्या एखाद्या रुग्णालयात हृद्‌रोहिण्यांच्या तपासणीसाठी दाखल होणाऱ्या रुग्णाच्या कागदपत्रांत एक लहानशी चिठ्ठी बहुधा असतेच. अँजिओग्राफी असो वा शस्त्रक्रिया, तत्पूर्वी रुग्णाचे रक्त घेऊन त्यात एच.आय.व्ही., हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तीन विषाणूंची खूण सापडते काय, हे पाहण्याची रीत आपल्या देशातील बहुतेक रुग्णालयांत रूढ झालेली आहे. रुग्णालयाच्या बोलीत या तपासणीला ‘व्हायरल मार्कर’ म्हणतात. चिठ्ठीवर ‘निगेटिव्ह’ असे लिहिलेले असले की ती कागदांच्या तळाशी जाते. ‘पॉझिटिव्ह’ असले तर कर्मचाऱ्यांना सावधगिरीची सूचना मिळते, पुष्कळदा रुग्णाचा क्रम दिवसाच्या शेवटी लावला जातो, आणि मग तीही चिठ्ठी तळाशी जाते. ही तपासणी रुग्णाच्या रक्ताची खरी, परंतु तिचा उपयोग मात्र इतरांच्या रक्षणापुरताच केला जातो. त्या चिठ्ठीत रुग्णाच्या स्वतःच्या रोहिण्यांविषयी काही इशारा दडलेला असेल काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच प्रश्न होय.

आमचे मत आरंभीच सांगून टाकणे बरे. शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसणारा विषाणू हा रोहिणीविकाराचे एकमेव वा प्रमुख कारण आहे, असे मानण्यास आज आधार नाही. तथापि काही विषाणूंच्या बाबतीत तो त्या विकाराचा साथीदार असतो, असे म्हणण्याइतका पुरावा जमा झालेला आहे. म्हणून जेथे असा संसर्ग सापडेल तेथे रुग्णाच्या हृदयाची व रोहिण्यांची चौकशी करणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते. आणि जेथे पुरावा नाही तेथे नव्या तपासण्यांचा बाजार मांडू न देणे हेही तितकेच कर्तव्य ठरते.

रोहिणीत काय घडते

हृदयाकडून शरीराकडे रक्त वाहून नेणारी रोहिणी ही केवळ निर्जीव नळी नव्हे. तिच्या आतील अंगाला एकाच कोशिकेच्या जाडीचे नाजूक अस्तर असते. हे अस्तर रक्ताला गोठू देत नाही, रोहिणीला गरजेप्रमाणे सैल व आकुंचित करते आणि रक्तातील कोणता पदार्थ भित्तीत शिरू द्यावयाचा यावर पहारा ठेवते. रक्तदाब, तंबाखूचा धूर, मधुमेहातील वाढलेली साखर यांच्या माऱ्याने हा पहारा ढिला पडला, की ज्याला आपण व्यवहारात वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते भित्तीत झिरपून साचू लागते. ते उचलून नेण्यासाठी रक्तातील भक्षक कोशिका तेथे येतात, पोटभर स्निग्ध पदार्थ गिळतात आणि तेथेच अडकून पडतात. हळूहळू त्या ठिकाणी लेप चढतो. मराठी वैद्यकीय परिभाषेत या रोगाला रोहिणी-विलेपी विकार असे नाव आहे, ते याचमुळे.

पूर्वी असे समजले जाई, की हा लेप नळातील गाळाप्रमाणे वाढत वाढत वाट बुजवितो व एके दिवशी रक्त थांबते. आज आपण जाणतो, की बहुतेक हृदयविकाराचे झटके लेप फुटल्यामुळे येतात. लेपावरील आवरण पातळ होऊन फाटते, आतील द्रव्य रक्ताच्या संपर्कात येते, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. आवरण पातळ करण्याचे काम शोथ करतो. जखमेभोवती जी लाली, सूज व उष्णता आपण पाहतो, तीच प्रक्रिया रोहिणीच्या भित्तीत अदृश्यपणे व मंदपणे चालू असते.

शोथाचे हे महत्त्व केवळ तर्काने सिद्ध झालेले नाही. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षणात कॅनाकिनुमॅब हे औषध वापरले गेले. हे औषध कोलेस्टेरॉल मुळीच कमी करीत नाही. ते केवळ शोथाचा एक रासायनिक निरोप अडविते. तरीही त्याने हृदयविकार, पक्षाघात व हृदयजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. त्याच वेळी प्राणघातक संसर्गांचे प्रमाण मात्र किंचित वाढले. शोथ हा आपला पहारेकरीही आहे आणि त्याच्या हातून घराचे नुकसानही होते, ही गोष्ट या एका परीक्षणाने उत्तम रीतीने दाखविली.

आता प्रश्न असा, की शोथ पेटता ठेवणाऱ्या गोष्टींत चिरकारी विषाणूची गणना करावी काय?

एक जुनी शंका

ही शंका नवी नाही. १९०८ साली विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्याने रोहिणीकाठिण्याची कारणे सांगताना त्यांत संसर्गजन्य रोगांचा समावेश केला होता. परंतु १९१३ साली सेंट पीटर्झबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत लेप निर्माण करून दाखविला, आणि पुढील साठ-सत्तर वर्षे शास्त्रज्ञांचे लक्ष मुख्यतः आहार व स्निग्ध पदार्थ यांकडेच राहिले. त्या मार्गाने जे ज्ञान मिळाले ते खरेच होते आणि आजही खरे आहे. मात्र त्याच्या प्रकाशात दुसरी शंका मागे पडली.

ती पुन्हा वर आली ती कोंबड्यांमुळे. कुक्कुटपालन करणाऱ्यांना मॅरेक रोग चांगला परिचित आहे. हा परिसर्प कुलातील एका विषाणूचा रोग असून त्याने कोंबड्या लुळ्या पडतात व त्यांच्या शरीरात गाठी होतात. अमेरिकेत फॅब्रिकंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त ठेवून वाढविलेल्या कोंबड्यांना या विषाणूचा संसर्ग घडवून आणला. १९७८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार संसर्ग झालेल्या कोंबड्यांच्या रोहिण्यांत माणसाच्या रोगाशी साम्य असलेला लेप आढळला, आणि तो कोलेस्टेरॉल न वाढविलेल्या साध्या आहारावरील कोंबड्यांतही आढळला. ज्यांना संसर्ग झाला नव्हता त्या कोंबड्या या विकारापासून मुक्त राहिल्या. पुढील प्रयोगांत असेही दिसले, की मॅरेक रोगाची लस आधी दिली तर रोहिण्याही वाचतात. कारण घडविले तर रोग होतो आणि कारण अडविले तर रोग टळतो, अशी दुहेरी साक्ष या विषयात अन्यत्र फारशी मिळालेली नाही.

कोंबडीवरून माणसाकडे येताना मात्र वाट बिकट होते. परिसर्प कुलातील जो विषाणू माणसात सर्वाधिक संशयास्पद ठरला तो सायटोमेगॅलोव्हायरस होय. बालपणी लाळेवाटे वा मातेच्या दुधावाटे तो शरीरात शिरतो, बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही आणि मरेपर्यंत सुप्तावस्थेत राहतो. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मेल्निक, डीबेकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०-९० या दशकात रोहिण्यांच्या भित्तीतील स्नायुकोशिकांत या विषाणूच्या खुणा दाखविल्या. रोहिण्यांवर शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या रुग्णांत त्याविरुद्धचे प्रतिपिंडही अधिक प्रमाणात आढळले. १९८९ साली स्टॅनफर्ड येथील शल्यचिकित्सकांनी असे नोंदविले, की ज्यांच्यात हृदयाचे प्रत्यारोपण झाले आहे अशा रुग्णांपैकी या विषाणूने ग्रस्त झालेल्यांच्या नव्या हृदयाच्या रोहिण्या अधिक वेगाने अरुंद होतात. आपल्याकडे बंगळुरूच्या थ्रॉम्बोसिस रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनीही अकाली हृद्‌रोग झालेल्या भारतीयांत या विषाणूचा व इतर संसर्गांच्या एकत्रित भाराचा शोध घेतला असून, प्रतिपिंडांची पातळी व हृद्‌रोग यांत संबंध आढळल्याचे २०१२ साली सांगितले.

साहचर्य म्हणजे कारण नव्हे

येथे वाचकाने थोडे थांबावे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पावसाळ्यात छत्र्याही दिसतात व बेडूकही दिसतात; म्हणून छत्र्यांनी बेडूक जन्माला येत नाहीत. ज्या वस्तीत माणसे दाटीने राहतात तेथे विषाणूंचा प्रसार लवकर होतो. त्याच वस्तीत तंबाखूचे व्यसन अधिक, आहार निकृष्ट, रक्तदाबाची तपासणी दुर्मिळ आणि उपचार उशिराचे असतात. मग रोहिणी बिघडली ती विषाणूने की दारिद्र्याने, हे केवळ प्रतिपिंड मोजून कळणार नाही. शिवाय आपल्या देशात प्रौढांपैकी दर शंभरात नव्वदांहून अधिकांच्या शरीरात सायटोमेगॅलोव्हायरस असतो. जी गोष्ट रोग्यातही आहे व निरोग्यातही आहे, ती दोघांतील फरकाचे कारण कशी म्हणावी? फार तर असे म्हणता येईल, की विषाणू असण्यापेक्षा शरीर त्याच्याशी किती जोराने झगडत आहे, याला महत्त्व असावे.

या विषयात घाई केल्यास काय होते, याचे उदाहरण २००५ सालाने दिले. १९८८ साली फिनलंडमधील संशोधकांना हृद्‌रोग्यांत क्लॅमिडिया न्यूमोनिई या जंतूविरुद्धचे प्रतिपिंड अधिक आढळले होते. हा विषाणू नव्हे, जंतू आहे. म्हणजे तो प्रतिजैविकांनी मरतो. साहजिकच मोठी आशा उत्पन्न झाली. जठरव्रणाचे उदाहरण डोळ्यांसमोर होतेच. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी जठरव्रण हा काळजीचा वा तिखटाचा रोग नसून बहुतांशी एका जंतूचा रोग आहे असे दाखविले होते, आणि त्याबद्दल त्यांना २००५ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले. हृद्‌रोगाचेही तसेच निघेल असे पुष्कळांना वाटले. परंतु त्याच वर्षी दोन मोठ्या परीक्षणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्येकात ४,००० हून अधिक हृद्‌रोगी होते. एकात वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसीन दिले गेले, दुसऱ्यात गॅटिफ्लॉक्सॅसिन दीर्घकाळ दिले गेले. आणि दोन्हींत औषध घेणारे व न घेणारे यांच्या भवितव्यात फरक पडला नाही. सुंदर उपपत्ती एका साध्या मोजणीने परतवून लावली. प्रतिपिंडांच्या आकड्यांवरून औषधयोजना करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा धडा स्मरणात ठेवावा.

एच.आय.व्ही.ने दिलेली साक्ष

मग विषाणूंची शंका सोडूनच द्यावी काय? तसेही नाही, कारण एका विषाणूच्या बाबतीत साक्ष याहून पुष्कळ भक्कम आहे.

भारतात १ एप्रिल २००४ पासून एच.आय.व्ही.वरील औषधे शासनामार्फत विनामूल्य मिळू लागली. रायपूर येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयातही, ज्याला सारा छत्तीसगड ‘मेकाहारा’ या लघुनामाने ओळखतो, असे उपचारकेंद्र आहे. नियमित औषध घेणारा रुग्ण आज दीर्घायुषी होतो. आणि दीर्घायुषी झाल्यामुळेच एक नवी गोष्ट दृष्टीस पडली. या रुग्णांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या मानाने दीडपट ते दुप्पट असते, आणि तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांचा हिशेब वजा केल्यावरही काही वाढ शिल्लक राहते.

प्रथम दोष औषधांना दिला गेला, व काही जुन्या औषधांच्या बाबतीत तो अंशतः खराही होता. म्हणून असा विचार पुढे आला, की औषधे मधूनमधून थांबविली तर हृदयाला विश्रांती मिळेल. ५,४७२ रुग्णांवर हे करून पाहण्यात आले. २००६ साली निष्कर्ष आले ते अपेक्षेच्या उलट. औषधे थांबविणाऱ्यांत मृत्यूही अधिक झाले आणि हृदय, मूत्रपिंड व यकृत यांचे गंभीर विकारही अधिक झाले. विषाणूला मोकळे सोडणे हेच हृदयाला अधिक घातक ठरले. याची कारणमीमांसाही आता पुष्कळ स्पष्ट आहे. संसर्गाच्या आरंभी हा विषाणू आतड्याच्या भित्तीतील रक्षक कोशिका नष्ट करतो; मग आतड्यातील जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात, भक्षक कोशिका सतत चेतविल्या जातात आणि त्याच कोशिका रोहिणीच्या भित्तीत शिरून लेप वाढवितात. औषधांनी विषाणू दबला तरी हा निखारा पुरता विझत नाही.

यावर उपाय शोधण्यासाठी भारतासह अनेक देशांतील ४० ते ७५ वर्षे वयाच्या ७,७६९ एच.आय.व्ही. बाधित व्यक्तींवर एक परीक्षण झाले. प्रचलित गणनेनुसार यांना हृद्‌रोगाचा धोका अल्प वा मध्यम होता. म्हणजे सामान्यतः कोणी त्यांना कोलेस्टेरॉलचे औषध दिले नसते. निम्म्या लोकांना पिटाव्हास्टॅटिन दिले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यात हृदयविकाराच्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी घडल्या. याचा सरळ अर्थ असा, की एच.आय.व्ही.चा चिरकारी संसर्ग ही रोहिणीच्या दृष्टीने दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, आणि दखल घेतली तर काही करताही येते.

कावीळ : येणारी व राहणारी

रायपूरकरांना कावीळ नवी नाही. जुन्या वस्त्यांत पिण्याच्या पाण्याचे नळ व गटारे शेजारी शेजारी धावतात, आणि उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे काविळीची साथ उद्भवते. २०२० च्या उन्हाळ्यातही तसे घडले. अशा साथीतील कावीळ मुख्यतः हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते. ती डोळे पिवळे करून उघडपणे येते आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत निघून जाते.

हिपॅटायटिस सी याची रीत वेगळी आहे. तो दूषित सुई, न तपासलेले रक्त, अस्वच्छ उपकरणे यांवाटे येतो. त्याच्यामुळे डोळे बहुधा पिवळे होत नाहीत. दहा-वीस वर्षे तो यकृतात निवांत राहतो आणि रुग्णाला त्याची वार्ताही नसते. छत्तीसगडात सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाचे प्रमाण मोठे आहे; त्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सी ची तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या आरंभी. तत्पूर्वी ज्यांना रक्त मिळाले, अथवा खेडोपाडी एकाच सुईने टोचून घेण्याचा प्रसंग ज्यांवर आला, त्यांपैकी काहीजण आज पन्नाशीत आहेत; म्हणजे नेमके हृदयविकाराच्या वयात.

या विषाणूचा रोहिणीशी संबंध विलक्षण गुंतागुंतीचा आहे. तो रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करतो, आणि तरीही अनेक अभ्यासांत अशा रुग्णांच्या मानेतील रोहिण्यांत लेप अधिक आढळला आहे. तो मधुमेहाला आमंत्रण देतो आणि शोथ चेतवितो, हे त्याचे एक स्पष्टीकरण होय. अमेरिकेतील मोठ्या नोंदींवरून असे दिसते, की ज्यांचा विषाणू औषधाने नष्ट झाला त्यांच्यात पुढे हृदयविकार कमी होतात. येथेही सावधपणे बोलले पाहिजे. उपचार घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा इतर बाबतींतही अधिक सुस्थितीत असू शकतात, आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेले परीक्षण या प्रश्नावर झालेले नाही. परंतु येथे निर्णयाला त्या परीक्षणाची वाट पाहावी लागत नाही. सुमारे बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी हा विषाणू दर शंभरातील पंचाण्णव वा अधिक रुग्णांत समूळ नाहीसा होतो, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हे औषध विनामूल्य मिळते. यकृत वाचविण्यासाठी तो उपचार करावयाचाच आहे. रोहिणी वाचली तर तो अधिक लाभ. एक गोष्ट मात्र वैद्यांनी विसरू नये : विषाणू गेल्यावर दबलेले कोलेस्टेरॉल पुन्हा वर चढते, म्हणून उपचारानंतर ते अवश्य मोजावे.

हिपॅटायटिस बी च्या बाबतीत रोहिणीविकाराशी संबंध दाखविणारा पुरावा क्षीण आहे. त्याविरुद्ध लस आहे, ती २०११ पासून देशभर बालकांच्या नियमित लसीकरणात आलेली आहे, आणि ती यकृतासाठीच घ्यावयाची आहे. एका विषाणूबद्दल जे खरे ते दुसऱ्याबद्दलही खरे असेल, असे समजणे ही मोठी चूक होय.

भातगिरणीतील मनुष्य

हे सर्व ज्ञान रुग्णाच्या उशाशी आणून पाहू. समजा, तिल्दा-नेवरा येथील भातगिरणीत पोती वाहणारा अठ्ठेचाळीस वर्षांचा एक मनुष्य छातीत कळ आली म्हणून रायपूरला आला. तो विडी ओढतो, सकाळी दातांना गुडाखू लावतो, रक्तदाब कधी मोजलेला नाही. त्याच्या चिठ्ठीवर हिपॅटायटिस सी ‘पॉझिटिव्ह’ असे निघाले. याचा हृदयविकार कशाने झाला?

प्रामाणिक उत्तर असे, की प्रथम विडीने व न मोजलेल्या रक्तदाबाने. २००४ साली ५२ देशांतील पाहणीने दाखवून दिले, की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील स्निग्ध पदार्थ, पोटाचा घेर, आहार, व्यायाम, मद्य व मानसिक ताण या नऊ गोष्टींतच पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के हिशेब लागतो. आणि आपल्या दक्षिण आशियात तो झटका इतरांपेक्षा कित्येक वर्षे आधी येतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगडात दर १०० प्रौढांपैकी सुमारे ३९ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. जो वैद्य या मनुष्याला विषाणूविषयी व्याख्यान देईल आणि विडीविषयी गप्प राहील, तो त्याचा मित्र नव्हे.

परंतु जो वैद्य ती चिठ्ठी तळाशी सरकवील, तोही त्याचा मित्र नव्हे. हातमोजे व स्वच्छता हे नियम सर्वच रुग्णांसाठी सारखे आहेत. बाधित रुग्णाला रांगेच्या शेवटी ढकलण्याने कोणाचेही रक्षण होत नाही, केवळ त्याची अप्रतिष्ठा होते. त्या चिठ्ठीचा खरा अर्थ असा, की या मनुष्याच्या शरीरात शोथाचा आणखी एक निखारा आहे व तो विझविता येण्याजोगा आहे. त्याला यकृताच्या उपचारकेंद्राचा पत्ता लिहून द्यावा, साखर तपासावी, आणि घरी परतताना त्याच्या हाती ही माहिती त्याला कळेल अशा भाषेत, म्हणजे छत्तीसगडी वा हिंदीत, द्यावी. हेच एच.आय.व्ही.लाही लागू आहे. २०१७ च्या कायद्याने ही तपासणी रुग्णाच्या जाणत्या संमतीवाचून करता येत नाही, निष्कर्ष गुप्त ठेवणे बंधनकारक आहे आणि त्यावरून भेदभाव करणे निषिद्ध आहे. संमती घेताना रुग्णाला सांगितले, की ही तपासणी तुझ्याही हिताची आहे, तर तो ती भीतीने नव्हे तर विश्वासाने देईल.

काय करावे, काय करू नये

आमच्या मते पुढील गोष्टी आजच करण्याजोग्या आहेत. एच.आय.व्ही.च्या उपचारकेंद्रात चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल नियमाने पाहावे, आणि स्टॅटिन द्यावे काय याचा विचार वैद्याने रुग्णासह करावा. कोणत्याही रुग्णाने आपली विषाणूविरोधी औषधे हृदयाच्या भीतीने थांबवू नयेत. हृद्‌रोगविभागात हिपॅटायटिस सी सापडलेला एकही रुग्ण उपचारकेंद्राच्या पत्त्यावाचून परत जाऊ नये. ज्यांना हृदयविकार होऊन गेला आहे त्यांना इन्फ्लुएंझाची लस सुचवावी. तो विषाणू चिरकारी नाही. परंतु २०१८ साली कॅनडातील संशोधकांनी दाखविले, की त्याच्या संसर्गानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचे प्रमाण एरवीच्या सहापट होते, आणि बांगलादेशासह आठ देशांत झालेल्या परीक्षणाचे निष्कर्ष २०२१ साली आले, त्यांत झटक्यानंतर लस दिलेल्यांत मृत्यू कमी आढळले.

त्याचप्रमाणे काही गोष्टी करू नयेत. हृदयाच्या भीतीने सायटोमेगॅलोव्हायरसचे वा परिसर्पाचे प्रतिपिंड मोजून घेऊ नयेत. तो आकडा बहुतेकांत ‘पॉझिटिव्ह’ येणार, त्यावर सिद्ध झालेला उपाय नाही, आणि त्या पैशांत रक्तदाबाच्या गोळ्या कित्येक महिने पुरतील. प्रतिजैविके हृदयासाठी घेऊ नयेत.

राहता राहिली संशोधनाची गोष्ट. १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होती; आजही मुंबई-हावडा लोहमार्गाने ती जोडलेली आहेत, आणि रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी मराठी कुटुंबे व छत्तीसगडी शेजारी एकाच रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात. रायपूरला १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. पुण्याला १९५२ साली स्थापन झालेली विषाणुसंशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. जो प्रश्न पाश्चात्त्य देशांत सुटणे कठीण तो येथे अधिक चांगल्या रीतीने विचारता येईल. कारण येथे संसर्ग बालपणीच होतो, दारिद्र्य व सुस्थिती शेजारी आहेत, आणि तपासणीच्या चिठ्ठ्या रोज शेकड्यांनी लिहिल्या जात आहेत. नावे वगळून, संमती घेऊन त्या चिठ्ठ्या हृद्‌रोहिण्यांच्या चित्रांशी पाच वर्षे जुळवून पाहिल्या, तर त्यासाठी नव्या यंत्राची गरज नाही. केवळ शिस्तीची गरज आहे.

विज्ञानात शंका घेणे हे पुण्य आहे, परंतु शंकेला निष्कर्षाचे वस्त्र नेसविणे हे पाप आहे. चिरकारी विषाणू हा रोहिणीचा शत्रू आहे काय, या प्रश्नाला आज एकच उत्तर नाही. प्रत्येक विषाणूपुरते वेगळे उत्तर आहे, आणि त्यांपैकी दोन-तीन उत्तरे रुग्णाच्या कामी येण्याइतकी पक्व झालेली आहेत. ती कामी आणण्यास फार काही लागत नाही. कागदांच्या तळाशी गेलेली ती चिठ्ठी वर काढावी, रुग्णासमोर धरावी आणि तिचा अर्थ त्याला सांगावा, एवढेच.